काळं चित्र उन्हात

तुमच्या रोजच्या रस्त्यावर चित्रांची एक खोली होती. दार उघडं, आत जायला कुणाची परवानगी लागत नव्हती. शेवटचं कधी गेला होतात आत? आठवत नाही ना? मग ती बंद झाली म्हणून हळहळायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

राग आला तर येऊ दे. ती खोली चालवणाऱ्या खिळेबाईलाही शेवटच्या दिवशी हेच विचारायचं होतं. सकाळपासून माणसं येत होती, मान हलवत होती, "फार वाईट झालं हो" म्हणत होती. त्यातले निम्मे उद्घाटनाचा चहा पिऊन जे गेले होते ते आज उगवले होते. समोरच्याच इमारतीत राहणारा एक गृहस्थ उघड्या भिंतींकडे बघत म्हणाला, "इथे चित्रं असायची होय? मला वाटायचं, पडद्यांचं दुकान आहे." खिळेबाईच्या तोंडात खिळे होते, म्हणून तो वाचला.

तोंडात खिळे धरायची तिची सवय जुनी. तरुणपणी ती एका फ्रेमवाल्याकडे कामाला होती. लोकांचे लग्नातले फोटो आणि मुलांची प्रमाणपत्रं काचेत बसवायची. एकदा कुणी तरी एक चित्र फ्रेमला टाकून गेलं, ते परत आलंच नाही. तिने ते दुकानाच्या भिंतीवर लावलं. गिऱ्हाईक फोटो न्यायला यायचं आणि चित्रापुढे उभं राहायचं. माणूस असा गप्प होऊन उभा राहतो हे तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तिचं डोकं फिरलं ते फिरलंच. शिक्षण बेताचं, चित्रकलेचा एक तास कुठे बसून शिकलेली नाही, पण तिने भाड्याने जागा घेतली. पूर्वी तिथे ट्रक दुरुस्त व्हायचे. रस्त्याच्या बाजूला दोन शटर होती, एक ट्रक आत जाईल एवढं रुंद आणि शेजारी एक माणूस जाईल एवढं.

आणि तिने काय करावं? रुंद शटर खाली ओढलं आणि त्याच्या आतून विटांची भिंत बांधली. स्वतःच्या हातांनी. का, तर चित्रं टांगायला चौथी भिंत हवी. उजेड गेला, वारा गेला, दिवसरात्र ट्यूबलाइट. पण भिंत मिळाली. जो चित्रकार यायचा त्याला ती विचारायची, "तुझ्या चित्रांमागे कुठला रंग हवा?" आणि तो सांगेल त्या रंगाने ती भिंत रंगवून द्यायची. पहिली निवड नेहमी त्याच भिंतीची. नवख्याला ती भिंत मिळाली की तो ताठ चालायला लागायचा.

आता मालकाला जागा कुणा फरशीवाल्याला द्यायची होती. करार संपला होता. खोली होती तशी परत करायची, म्हणजे भिंत पाडून रुंद शटर मोकळं करून द्यायचं, असं ठरलेलं होतं. खिळेबाई सगळं काढायला तयार होती, फक्त भिंतीला हात लावायला नाही. "ती तुमचा फरशीवाला पाडेल. मी गेल्यावर," ती मालकाला म्हणाली होती. मालक बिचारा भांडणाला घाबरून हो म्हणाला.

सगळी चित्रं ज्याची त्याच्या घरी गेली. राहिलं एकच, मागच्या भिंतीला टेकलेलं काळं चित्र.

ते काढलं होतं एका नर्सबाईने. दवाखान्यातली ड्यूटी संपली की ती थेट इथे यायची, गणवेशावर जुना शर्ट चढवायची आणि रंगवत बसायची. प्लायवूडच्या फळ्या मागून पट्ट्या मारून जोडलेल्या, वर बोटभर जाड रंग. खाली पांढऱ्या खाटांची रांग आणि वर सगळा काळा अंधार. दोन पलंग शेजारी शेजारी उभे करावेत एवढं मोठं. वर्षानुवर्षं ते तिथेच वाढलं, आणि ते कधी बाहेर न्यावं लागेल हे दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

"अक्का, दार मोजलंस का?" खिळेबाईचा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला होता.

"मोजलं," खिळेबाई तोंडातल्या खिळ्यांआडून पुटपुटली.

"आणि चित्र?"

"ते मोजायला कशाला पाहिजे? दिसतंय की."

"म्हणजे तू विहिरीत बसून होडी बांधलीस. शाब्बास." त्याने बरोबर आणलेल्या सुताराकडे पाहिलं. सुतार करवत घेऊनच आला होता, पण ती त्याने पाठीमागे धरली होती. "काका, मधोमध कापलं तर जाईल ना?"

"जाईल. पण रंगाचे पापुद्रे उडतील. जोड दिसेल जन्मभर."

"कापा," नर्सबाई म्हणाली. ती दारातच उभी होती, आत आली नव्हती. "मी सांगते ना, कापा. कुणाला हवंय ते? लोक दोन पावलं येतात, काळं आहे म्हणतात आणि जातात. फसलेलं चित्र आहे."

"फसलंय म्हणून एवढी वर्षं इथे येत होतीस?" खिळेबाईने विचारलं.

"फसलंय म्हणूनच येत होते."

खिळेबाईने तोंडातले खिळे काढून खिशात टाकले. ती तोंडातले खिळे काढते तेव्हा काही तरी होणार, हे भावाला माहीत होतं.

"घण कुठाय?"

"अक्का, भिंत?" भाऊ म्हणाला. "काल मालकाला शिव्या घातल्यास त्या भिंतीपायी."

"शिव्या घातल्या नाहीत, समजावलं. घण आण."

पहिला घाव तिनेच घातला. भावाने घण मागितला, तिने दिला नाही. गिलावा निखळायला लागला तेव्हा सुतार म्हणाला, "बाई, हे बघा." फुटलेल्या कडेला रंगांचे थर दिसत होते, कागदाच्या गठ्ठ्यासारखे एकावर एक: पिस्ता, राखाडी, विटकरी, मोरपंखी, गर्द पिवळा. प्रत्येक थर म्हणजे कुणाचं तरी पहिलं प्रदर्शन. नखाएवढ्या जाडीत तिचं सगळं आयुष्य बसलं होतं. तिने एक ढलपी उचलून पिशवीत टाकली.

विटा गेल्या. मागे गंजलेलं शटर. भावाने टेम्पोतलं तेल ओतलं, सुताराने खालून पहार घातली, हळहळायला आलेल्यांपैकी चौघेजण अखेर कामाला लागले. त्यात पडद्यांवाला गृहस्थही होता. करकरत, अडखळत शटर वर गेलं.

ते शटर मावळतीकडे तोंड करून होतं. तिरपं ऊन एकदम आत आलं आणि मागच्या भिंतीपर्यंत गेलं. धूळ खाली बसेपर्यंत कुणाला काही दिसलं नाही. मग दिसलं.

अंधार काळा नव्हताच. एका खाटेवरचा अंधार खोल निळा होता. शेजारच्या खाटेवर तो तांब्यासारखा तापलेला होता, त्याच्या पलीकडे शेवाळी, मग जांभळा. रंगाच्या जाड रेघांवर ऊन पडून त्यांना सावल्या आल्या होत्या, आणि खाटेखाटेवरचा अंधार श्वास घेतल्यासारखा वरखाली होत होता. प्रत्येक झोपलेल्या माणसाचा अंधार वेगळा.

खिळेबाई तशीच उभी राहिली. चित्रं बघण्यातच जिचा जन्म गेला, ती या चित्राशेजारी रोज जेवली होती; आणि तिने ते पाहिलंच नव्हतं. तिच्याच भिंतीने ते झाकलं होतं.

"काळा रंग मी कधी विकतच घेतला नाही," नर्सबाई दारातून म्हणाली. आवाज अगदी हळू. "निळ्यात लाल, हिरव्यात तपकिरी, असं मिसळत गेले. वॉर्डातला अंधार असाच असतो. माणसागणिक वेगळा. मला वाटलं, जमलं नाही मला."

त्या दिवशी ती आता पहिल्यांदा आत आली. रस्त्यावर एक सायकल थांबली, मग एक भाजीची गाडी. मालक किल्ल्या घ्यायला आला, तोही काठी टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "ऊन आहे तोवर राहू द्या. किल्ल्या काय, नंतर देता येतील."

सुताराने करवत टेम्पोत ठेवून दिली. ऊन उतरल्यावर दहाबारा जणांनी मिळून चित्र अख्खं बाहेर काढलं. पडद्यांवाला गृहस्थ "सांभाळून, सांभाळून" ओरडत पुढे होता.

आता त्या जागी फरश्या आहेत. काळं चित्र सुताराच्या लाकडाच्या शेडमध्ये आहे, मावळतीकडे तोंड करून. खिळेबाई तिथे खुर्ची टाकून बसते, तोंडात खिळे असतातच. तुम्ही जा. हळहळायला नको, बघायला जा. दिवेलागणीला नको, दुपार कलताना जा. आणि शेडमधली ट्यूब लागलेली दिसली तर कुणाला न विचारता ती बंद करा.