कापलेलं नाक
ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला की मला ती होडी आठवते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. निवृत्त झाल्यावर घरामागच्या तळ्यात वल्हवायला त्यांनी कारवारला एक लहान होडी घेतली आणि ती बेंगळूरला आणायला मला पाठवलं. "रेल्वेनं आण. उशीर झाला तरी चालेल, पण अख्खी आण," निघताना ते म्हणाले. मालगाडीसाठी आठ दिवस थांबावं लागणार होतं, आणि माझी रजा होती दोन दिवसांची. मी लॉरी ठरवली. होडीचं पुढचं टोक लॉरीच्या मागून दोन हात बाहेर येत होतं. "घाटात अडकेल, सार. नाक स्वल्प कापू या, घरी जोडून घ्या," लॉरीवाला म्हणाला. समोरच एसटीडी बूथ होता, अण्णांना विचारता आलं असतं. मी नुसतं "सरी" म्हणालो, ठीक आहे म्हणालो. बेंगळूरात यशवंतपूरच्या लॉरी अड्ड्यावर अण्णा नवं वल्हं घेऊन उभे होते. कापलेल्या लाकडावरून त्यांनी हळूच हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि तेही म्हणाले, "सरी." सुतारानं नाक जोडलं, पण पाणी आत येतच राहिलं, आणि अण्णा पुन्हा तळ्याकडे फिरकले नाहीत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. अजून रिक्षावाल्यालासुद्धा मला "सरी" म्हणवत नाही.