एक चुकलेलं वाक्य

उस्तादांच्या सलूनमध्ये केसांना लागायचा अर्धा तास आणि गप्पांना एक. 'उस्ताद' हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. माणूस एकदा सुरू झाला की समोरच्याने मान डोलवायचीही सोय नाही, कारण मानेवर वस्तरा! लोक केस वाढले नसले तरी यायचे, बाकावर बसून नुसतं ऐकायचे. हसवणारा माणूस वाईट नसतो हो, पण हसवायची चटक वाईट. ती लागली की घरचं माणूससुद्धा सुटत नाही.

उस्तादांची बायको दूरच्या मुलखातली, तिची भाषाच निराळी. लग्न होऊन आली तेव्हा तिला 'हो', 'नाही' आणि 'अहो' एवढे तीनच शब्द यायचे. पण मोठी जिद्दीची बाई. भांडी घासताना शेजारणीचं बोलणं कान देऊन ऐकायची आणि तेच पुन्हा पुन्हा पुटपुटायची. चुकली तर स्वतःच खुदकन हसायची आणि परत म्हणायची. घर सलूनच्या वर, मध्ये लाकडी जिना. रोज दुपारी ती चहा घेऊन खाली यायची, किटली ठेवायची आणि न बोलता वर जायची.

एक दिवस मात्र तिने ठरवलं की आज बोलायचं. जिन्यावर थांबून वाक्यं घोकली असणार. खाली येऊन बाकावरच्या मंडळींना म्हणाली, "चहा गरम आहे, जपून घ्या. पंखा लावू का? दाटीवाटीनं बसू नका, तिकडे खुर्ची आहे. आता ह्यांचं डोकं उतरवलं की लगेच तुमचं उतरवतील."

झालं! आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं दुकान हसत सुटलं. खुर्चीतला माणूस "अहो वाचवा!" म्हणून गळा धरून ओरडला. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? उस्ताद. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ती कपबशा धरून उभी राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं आणि ती वर निघून गेली.

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण उस्तादांना फुकटात हुकमी किस्सा मिळाला होता. नवं गिऱ्हाईक आलं की तो सांगायचा, योग्य जागी थांबून, बायकोचा आवाज काढून. जुनी मंडळी दारातूनच हाक मारायची, "उस्ताद, डोकं उतरवायला आलोय!" ती चहा घेऊन आली की सगळे ओठ दाबून गप्प बसायचे, आणि ती पाठमोरी झाली की पुन्हा खसखस पिकायची. पुढे पुढे ती किटली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवून कडी वाजवायला लागली. माणसं आली की ती मान हलवायची, हसायची, आत जायची. लोक विचारायचे, तर उस्ताद म्हणायचे, "आमची स्वभावानंच अबोल आहे. घरात मी एकटा बोलतो तेवढं पुरे आहे."

लेक झाली तेव्हा मात्र बाईला कंठ फुटला. मांडीवरच्या पोरीशी ती आपल्या भाषेत बोलायची, आणि काय बोलायची! कुजबुज, रागावणं, लाड, सगळं एका दमात. उस्ताद जिन्यात उभे राहून ऐकायचे आणि त्यांना कुठेतरी खुपायचं. आपल्याशी चार शब्द धड बोलत नाही, आणि इथे एवढं? एक दिवस म्हणाले, "अगं, पोरगी धड इकडची राहणार नाही ना तिकडची. शाळेत हसतील तिला."

हसतील म्हटल्यावर बाई पुढे एक अक्षर बोलली नाही. पोरीला त्या दिवसापासून ती इकडच्याच मोजक्या, तपासून घेतलेल्या शब्दांत हाक मारू लागली. पोरगी मोठी झाली, लग्न करून गेली, आणि आईची भाषा आईजवळच राहिली.

म्हातारपणी बाईचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. लेक सासरहून येऊन राहिली. आठवडाभर नुसते डोळे हलत होते. मग एका सकाळी ती बोलली. उस्तादांनी आनंदाने लेकीला हाक मारली, दोघं खाटेजवळ धावले, आणि दोघांनाही एक शब्द कळला नाही. ती तिच्या आईच्या भाषेत बोलत होती. इतकी वर्षं भीत भीत शिकलेली भाषा पुसून गेली होती.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं असं होत नाही, पण यांचं झालंय. लहानपणीची भाषा थोडी शिल्लक आहे. कोणीतरी रोज त्याच भाषेत यांच्याशी बोलायला हवं, नाहीतर आहे तेही जाईल. घरात कोणाला येते?"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. "कोणालाच नाही," लेक म्हणाली.

"इतक्या वर्षांच्या संसारात?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण स्वतःच्या हाताने ही भाषा घरातून हाकलली, आणि आता बायको पाणी मागते की देवाघरचं बोलावणं सांगते तेही आपल्याला कळत नाही, हे त्यांच्या मनाला डाचत राहिलं. त्यांनी खुणा करून पाहिल्या, ओरडूनही पाहिलं. ती एक शब्द तीनतीनदा म्हणायची आणि शेवटी थकून भिंतीकडे तोंड करायची. दिवसागणिक तिचं बोलणं कमी होत होतं.

अशात समोरच्या फुटपाथवर एका नव्या फळवालीने गाडी लावली. ती फोनवर कोणाशी तरी कडाकडा भांडत होती, आणि ते भांडण उस्तादांच्या कानाला ओळखीचं वाटलं. वस्तरा तसाच हातात धरून ते रस्त्यावर धावले. फळवाली आधी घाबरलीच! मग तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी धंदा मंद असतो तेव्हा येईन म्हणाली.

ती आली, खाटेशी बसली आणि काहीतरी बोलली. बाईने डोळे मोठे केले. मग तिला उमाळाच आला. शब्द तुटत होते, मध्येच हरवत होते, पण ती थांबेना. फळवाली रोज येऊ लागली. बाई तिला गमती सांगायची, नकला करायची, डाव्या हाताने टाळी मागायची. उस्ताद कोपऱ्यात स्टुलावर बसून बघायचे. अबोल म्हणे! आपल्या बायकोला नकला येतात, हे त्यांना आयुष्याच्या संध्याकाळी कळत होतं. आणि जे कळत होतं ते सोसवत नव्हतं.

शेवटी एका दुपारी ते फळवालीला म्हणाले, "पोरी, तिला एवढं सांग. त्या दिवशी दुकानात सगळ्यांसमोर मी हसायला नको होतं. माझं चुकलं."

फळवालीने सांगितलं.  बाई एकेक शब्द शोधत बोलू लागली आणि फळवाली वाकून ऐकत राहिली.

"काका, त्या विचारतात, त्यांचं चुकलं काय होतं? त्या दिवशी त्या बरंच बोलल्या होत्या. त्यातलं कुठलं चुकलं ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. खूप शोधलं म्हणतात. खवट दाणा कुठला ते कळेना, म्हणून अख्खं पोतंच बाजूला ठेवलं."

 साऱ्या गावाला उस्तादांनी तो किस्सा सांगितला होता, फक्त तिला सोडून. त्यांनी घसा खाकरला आणि सांगितला. ती केस म्हणायच्या ऐवजी डोकं म्हणाली होती, आणि डोकं उतरवणं म्हणजे मुंडकं छाटणं. सांगताना सवयीने ते नेमक्या जागी थांबलेसुद्धा, आणि त्या थांबण्याची त्यांना स्वतःलाच किळस आली.

फळवाली हसली नाही. तिने पुन्हा सांगायला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पण काका, आमच्या भाषेत केस कापायला असंच म्हणतात. मीही पोरांना हेच सांगते, जा, डोकं उतरवून या. यात चुकलं काय?"

तिने बाईला सगळं समजावलं. बाईने उस्तादांकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तिने हळूच काहीतरी विचारलं.

"त्या म्हणतात," फळवाली म्हणाली, "मग तुम्ही हसलात कशाला?"