सुमित्राकाकूंचं बोचकं

१९८४च्या जूनमध्ये सुमित्राकाकू सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्या, त्या काखेत बोचकं मारूनच. जुनी चादर, चारी टोकं वर घेऊन मारलेली गाठ. ते पाहून त्यांच्या मुलाला, शैलेंद्रला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिपच्या कंपनीत इंजिनिअर, सनीव्हेलमध्ये अपार्टमेंट, आणि आई अशी बाजाराला निघाल्यासारखी. दुसऱ्याच दिवशी त्याने चाकांची सूटकेस आणली. काकूंनी ती पलंगाखाली सारली आणि बोचकं उशाशी ठेवलं.

यात हट्ट नव्हता असं मी म्हणणार नाही. पण काकूंची बाजूही ऐका. त्यांचे वडील नागपूरच्या आसपासच्या आठवडी बाजारांत सायकलवरून लुगडी विकायचे, आणि आठव्या वर्षापासून गठ्ठा बांधायचं काम काकूंकडे होतं. गाठ अशी हवी की सायकल खड्ड्यात गेली तरी सुटू नये, आणि गिऱ्हाईक समोर बसलं की एका झटक्यात उघडावी. त्या गाठीवर पाच भावंडं वाढली. तिचीच पोटच्या पोराला लाज वाटावी, हे काकूंच्या जिव्हारी लागलं. ती लाज मोडल्याशिवाय परत जायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये काकू कपडेही चादरीत बांधूनच न्यायच्या. तिथे एका सकाळी तळमजल्यावरच्या तोमी निशिमुरा त्या गाठोड्याकडे बघतच राहिल्या. सत्तरीला टेकलेल्या, कॅलिफोर्नियातच जन्मलेल्या जपानी बाई. "आमच्याकडे याला फुरोशिकी म्हणतात," त्या म्हणाल्या. काकूंचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, निशिमुराबाईंचं सावकाश, त्यामुळे दोघींचं छान जमलं.

फुरो म्हणजे स्नान, शिकी म्हणजे अंथरणं. फार पूर्वी जपानी माणसं स्नानगृहात हे कापड पायाखाली अंथरायची आणि कपडे त्यातच बांधून ठेवायची. पुढे व्यापारी त्यात माल बांधू लागले. स्नान मागे पडलं, नाव मात्र चिकटून राहिलं. बढाईखोराला तर 'मोठी फुरोशिकी पसरतो' म्हणू लागले. यावर काकू म्हणाल्या, "असे आमच्याकडेही पैशाला पासरी आहेत."

निशिमुराबाई हसल्या, मग जुनं सांगू लागल्या. १९४२ साली युद्धात सरकारने इथल्या जपान्यांना घरांतून बाहेर काढलं आणि छावण्यांत नेलं. हातात मावेल तेवढंच सामान न्यायची परवानगी होती. बाईंच्या वडिलांनी दारातच दोन फुरोशिक्या बांधल्या. एक बाईंनी उचलली, आणि दुसऱ्या हाताने तीन वर्षांच्या मुलाला धरलं. "तेव्हापासून आमच्या घरात या शब्दाचा एकच अर्थ उरला," त्या म्हणाल्या. "हाकललेली माणसं. परत आल्यावर मी पुन्हा कधी बांधली नाही. मुलाला शिकवलीही नाही."

आता मात्र शिकवावीशी वाटत होती. गावच्या लायब्ररीने त्यांना शनिवारी येऊन फुरोशिकी बांधून दाखवायला बोलावलं होतं. पण संधिवाताने बोटं वाकेनात, म्हणून त्या 'जमणार नाही' असं कळवायला निघाल्या होत्या. काकूंनी आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "हे घ्या की."

घरी शैलेंद्रचा चेहरा पडला. "आई, प्लीज, कॅन्सल कर. माझ्या ऑफिसचे लोक येतात तिथे. त्यांच्यासमोर बोचकं बांधणार तू?"

"मी ड्राइव्ह करते काकूंना," शेजारची प्रतिमा म्हणाली. "तू नको येऊस."

तो आला, पण मागे दाराशी उभा राहिला.

लायब्ररीत पन्नासेक माणसं जमली होती. निशिमुराबाई बोलत होत्या, काकू बांधत होत्या. कलिंगड झालं, दोन बाटल्या झाल्या. मग पुस्तकांचा मोठा ढीग आला आणि काकू विसरल्या की आपण अमेरिकेत आहोत. त्यांनी पदर खोचला, गुडघा टेबलावर रोवला आणि दात-ओठ खाऊन गाठ आवळली, जशी बाजाराच्या दिवशी पहाटे आवळायच्या. लोक हसले. शैलेंद्रने मान खाली घातली.

पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस गाठ सोडायला आला आणि घामाघूम झाला. मग निशिमुराबाईंचा मुलगा केन उठला, पंचेचाळिशीचा, टाय लावलेला. त्यालाही जमेना. काकूंनी त्याला हाताने बाजूला केलं. गाठीचा एक कान, म्हणजे वर आलेलं टोक, धरला, त्याच अंगाचं कापड दुसऱ्या हातात घेतलं आणि दोन्हीकडे सरळ ताणलं. मुठीएवढी गाठ मऊ पडली आणि सरकून सुटली. सगळी पुस्तकं उघड्या कापडावर मांडल्यासारखी दिसू लागली.

"माझे वडील असंच करायचे," निशिमुराबाई म्हणाल्या. "छावणीत पोचल्यावर अशाच गाठीतून त्यांनी याच्यासाठी बिस्किटं काढली होती." त्यांनी केनकडे बोट दाखवलं. केन तिथेच उभा होता. त्याने टाय सैल केला आणि कापडाची दोन टोकं हातात घेतली. "शिकव मला," तो म्हणाला. आधी आईला, मग काकूंना.

त्याच्यामागे शिकायला रांग लागली. काकूंनी वर पाहिलं तर रांगेत शेवटी शैलेंद्र. त्यांना इतका आनंद झाला की पुढच्या बाईची गाठ त्यांनी चक्क चुकवली. शैलेंद्रचा नंबर आला तेव्हा तो मराठीत म्हणाला, "आई, बोचकं बांधायला शिकव." काकूंनी त्याला गाठ तीनदा सोडायला लावली, आणि लाडाने एक टपलीही दिली.

पुढच्या मार्चमध्ये काकू परत निघाल्या. विमानतळावर शैलेंद्र खांद्यावर बोचकं टाकून पुढे, काकू चाकांची सूटकेस ओढत मागे. काउंटरवरच्या मुलीने हे काय आहे म्हणून विचारलं. "बोचकं," तो म्हणाला, आणि कुठेही अडखळला नाही.

गाठ त्यानेच मारली होती. काकूंनी ती नागपूरपर्यंत एकदाही ओढून पाहिली नाही.