चौरंगावरची घोंगडी

भोरच्या तालुका प्रदर्शनात मी वडिलांची घोंगडी इतकी उत्तम मांडली की ती कोणालाच बघता आली नाही.

संस्थान विलीन होऊन पाच-सात वर्षं झाली होती. मी भोरला शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि नुकताच मुंबईला जाऊन एक मोठं प्रदर्शन पाहून आलो होतो. (ते मी ज्याला सांगितलं नव्हतं असा माणूस चार दिवसांत भोरमध्ये उरला नाही.) तिथे अख्ख्या दालनात एकच मडकं ठेवलं होतं. खाली पांढरं कापड, भोवती मोकळी जागा. आमच्या बाजारात मडकी एकावर एक रचतात, आणि म्हणूनच देश मागे राहिला, असं माझं ठाम मत झालं.

आमचं घर वेल्ह्याच्या डोंगरातलं, धनगराचं. आबा मेंढ्या राखत आणि घोंगड्या विणत. तालुक्यात पहिला नंबर येणाऱ्या कारागिराला पुण्याच्या प्रदर्शनाला नेणार होते, आणि आबा कापूरहोळच्या पुढे कधी गेले नव्हते.

"येष्टीनं नेत्यात व्हय रं?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"व्हय आबा. पयला नंबर आला की."

दोन महिने खपून त्यांनी नवी काळी घोंगडी विणली. पुण्याला जायचं म्हणून नवं धोतर घेतलं. मला अगदी भरून आलं आणि त्या भरात मी म्हणालो, "मांडणी माझ्यावर सोडा."

"घोंगडी अंथरायची. तिच्यात मांडायचं काय?" आबा म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं. प्रदर्शन आमच्या शाळेतच होतं. तिथल्या दालनात चौरंग ठेवला, त्यावर पांढरं कापड, मधोमध घोंगडीची घडी. काळ्या रंगाला उठाव हवा म्हणून शेजारी तांब्याचा तांब्या. हिरवा रंग हवा म्हणून त्यात आंब्याची डहाळी. नावाची चिठ्ठी उडू नये म्हणून तिच्यावर नारळ. मग दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून पाहिलं. मुंबईच्या मडक्याला हे जमलं नव्हतं.

घोंगडीची घडी, तांब्या, डहाळी आणि नारळ एकत्र दिसले की आमच्याकडे तिथे देव बसलेला असतो, हे धनगराच्या पोटी जन्मून मला आठवू नये!

डोंगरातून आलेल्या एका म्हातारीला मात्र ते लगेच कळलं. तिनं चपला काढल्या, कनवटीची पुडी सोडली आणि देवाला वाहायची हळद, म्हणजे भंडारा, घोंगडीवर उधळला.

"आज्जी, ही विणकाम बघायची वस्तू हाय."

"बघते की. पयलं पाया तर पडू दे."

ती पाया पडली म्हणून मागचे पडले. तासाभरात रांग लागली, पाच नारळ फुटले, काळी घोंगडी पिवळी झाली. माझ्या पायातल्या चपलाही कोणीतरी काढायला लावल्या, कारण पुजाऱ्याला त्या शोभत नव्हत्या.

एवढ्यात पुण्याचे परीक्षक आले. त्यांनी घोंगडीकडे हात नेला.

"सायेब, जोडं," म्हातारी म्हणाली.

त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि पुन्हा हात पुढे केला.

"देवाची घडी मोडत न्हाईत."

"अहो, पण मला वीण तपासायचीय."

"आज्जी, हे सरकारी काम हाय," मी मध्ये पडलो.

"मग सायबाला परसाद दे," ती म्हणाली आणि मागच्या रांगेनं मान डोलावली.

परीक्षकांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि वहीत लिहिलं, 'वस्तू तपासता आली नाही.'

"काय लिवलं?" बाजूला उभ्या आबांनी विचारलं. मी सांगितलं. ते नव्या धोतराची निरी नीट करत राहिले. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

परीक्षक हातात बूट घेऊन बसायला जागा शोधत होते. पाहुणा उभा राहिलेला आबांना बघवत नसे. त्यांनी खांद्यावरची जुनी घोंगडी काढून जमिनीवर अंथरली.

"बसा सायेब."

साहेब बसले, बूट चढवू लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी घोंगडीवरून हात फिरवला, कड उलटून पाहिली.

"कोणी विणली?"

"म्याच. धा पावसाळं झालं."

"पाणी आत येतं?"

आबांनी चौरंगावरचा तांब्या उचलला, डहाळी बाजूला ठेवली आणि सगळं पाणी साहेबांच्या शेजारी घोंगडीवर ओतलं. म्हातारी बघत राहिली. पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत कडेला गेले. साहेबांनी ओल्या जागेखाली हात घालून पाहिला, तो कोरडाच निघाला, आणि वही पुन्हा उघडली.

आबांचा पहिला नंबर आला. पुण्याला निघाले त्या सकाळी जुनी घोंगडी खांद्यावर टाकून ते एसटीत खिडकीशी बसले होते.

"आबा, मीही येतो," मी खालून म्हणालो. "तिथली मांडणी..."

"तू घरी जा," आबा म्हणाले. "मेंढरं चारून आण. आन् नुसती चार. मांडत बसू नगंस."