पुठ्ठा, लिली आणि माझी फिर्याद

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत माझ्याइतका कायदा कोणालाच कळत नाही, हे मी सोसायटीला वेळोवेळी लेखी कळवले आहे.

इमारतीमागे तळमजल्यावरच्या आम्हा दोन बिऱ्हाडांचे वाफे आहेत. मध्ये हद्द म्हणून सुतळी. (मीच बांधली. शेजारच्या कर्णिकांना हद्द या विषयाचे गांभीर्य नाही!) यंदा तण फार माजले म्हणून मी नव्या फ्रिजचे खोके उलगडले आणि तो पुठ्ठा भिजवून वाफाभर अंथरला. वर पालापाचोळा. उजेडाविना तण मरते, पुठ्ठा कुजून माती होते. निर्दोष योजना!

मे उजाडला आणि हिचा चेहरा उतरला.

"अहो, आईची लिली अजून कशी वर येत नाही?"

शहाडच्या माहेराहून हिने आणलेले ते कांदे एरवी जमिनीत झोपलेले असतात. मेमध्ये लाल चेंडूसारखे फूल येते. सासूबाई गेल्यानंतरचा हा पहिलाच मे.

"चोरी!" मी निर्णय दिला.

"कांदे कोण चोरेल हो?"

"ज्याचा वाफा शेजारी आहे तो!"

कारण सुतळीपलीकडे, कर्णिकांच्या हद्दीत, एक लाल चेंडू डोलत होता! मी तत्काळ फिर्याद लिहून स्थळपाहणीची मागणी केली. रविवारी अख्खी कमिटी वाफ्यापाशी हजर.

"कर्णिक, हा मुद्देमाल तुमच्या ताब्यात कसा?"

"काका, आपोआप आलं ते! मला वाटलं, तुम्हीच लावलंत."

"तुमच्या हद्दीत? मी?"

"तेही खरंच. आधी नोटीस आली असती."

चेअरमनबाई खाली वाकल्या. फुलाच्या देठावरून बोट फिरवत सुतळीखालून अलीकडे आल्या आणि माझ्या पुठ्ठ्यापाशी थांबल्या.

"काका, हे तुमच्याकडूनच गेलंय."

पुठ्ठा उचलला. खाली पांढरेफटक कोंब, उजेड शोधत आडवे पसरलेले. एकालाच वाट सापडली होती.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. ही मातीत बसली, एकेका कोंबाला हात लावून पाहिला.

"जिवंत आहेत," म्हणाली. "एकदम ऊन सोसायचं नाही त्यांना. छत्री आणा."

मी धावत छत्री आणली.

"काका, फिर्याद मागे घेताय ना?" कर्णिकांनी हळूच विचारले.

"लेखी कळवीन."

"आधी छत्री सरळ धरा!" ही कडाडली.

या आदेशाविरुद्ध अपील कोठे करावे, ते मला आठवेना. ऊन उतरेपर्यंत मी डोक्यावर ऊन घेऊन छत्री धरून उभा होतो; सरळ.