मधला रकाना

रकाना मास्तर चिडले की आधी चष्मा काढत. समोरच्याचं तोंड धूसर दिसलं की भीड राहत नाही, म्हणत. आणि त्यांना चिडायला एक वाक्य पुरायचं : "समोरचा घेईल समजून."

"कोन घेईल? प्रोग्राम? तो काय तुमची मावशी हाय व्हय?"

आमचं ऑफिस मोशीला, काम चाकणच्या एका कारखान्याचं. तिथे सहा रोबो, प्रत्येकाला एक छोटा प्रोग्राम. या सहा पोरांना चालवणारा, त्यांच्या चुका हुडकणारा थोरला प्रोग्राम म्हणजे डीबग सर्व्हर. त्यानं 'थांब' म्हणायचं, पोरानं 'थांबलो' कळवायचं. या निरोपांचा साचा मास्तरांचा : पहिल्या रकान्यात कोणाकडून, दुसऱ्यात कितवा निरोप, तिसऱ्यात स्थिती, म्हणजे चालू की थांबलेला, चौथ्यात बिघाडाचा आकडा. "नवा रकाना शेवटी जोडायचा. मधी घुसायचं न्हाई. आन् घातला, तर साही पोरांना सांगायचं."

मी तेव्हा पंचेचाळिशीची. मुलं मोठी झाल्यावर कोर्स करून नोकरीला लागलेली, केस रंगवलेले, डोक्यात वारं. खेडकडचा हा माणूस अजून चौकटीच्या वहीत पट्टीनं साचे आखतो, याचं मला हसू यायचं. ती बाई आज समोर आली तर कानाखाली देईन.

त्या बाईनं एके दिवशी वेळेचा नवा रकाना बरोब्बर मध्ये घुसवला, तिसऱ्या जागी. का? तिथे छान दिसत होता म्हणून! पाच पोरांना नवा साचा दिला, सहावं विसरली. आता थोरला स्थिती चौथ्या रकान्यात शोधू लागला. सहाव्याच्या जुन्या साच्यात चौथ्या रकान्यात होतं बिघाड शून्य. आणि स्थितीच्या भाषेत शून्य म्हणजे 'थांबला'.

रोबो धडधडीत चालू, पडद्यावर 'थांबला'. फिटर विश्वासानं रोबोभोवतीच्या जाळीच्या आत गेला. हात वाचला, पण मनगटाला सात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी बैठक. मॅनेजरनं विचारलं, "साच्याची जबाबदारी कोणाची?"

"माझी," मास्तर म्हणाले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते. अथपासून इतिपर्यंत. दोनदा.

मास्तरांना त्याच दुपारी कायमचं घरी पाठवलं. पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. डोळ्यांत पाणी वगैरे आणून म्हटलं, "मास्तर, माझ्यासाठी एवढं केलंत..."

"तुमच्यासाठी?" ते कडाडले. "कोनी सांगितलं तुमाला? साचा माझा, म्हनून माझी म्हनलो. रकाना कोनी घातला ते तुमी सांगायचं व्हतं. वाट बघत बसलो व्हतो मी. आवो, त्या पोराचा हात गेला असता!"

गाडीला किक मारून ते गेले.

मी तडक वर जाऊन मॅनेजरला सगळं सांगितलं. त्यानं लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. "मॅडम, विषय संपलाय. कारखान्याला एक नाव हवं होतं, दिलं. उद्यापासून साचे तुम्ही बघा."

निर्लज्ज मेला. मी ताडकन उठायला हवं होतं, राजीनामा त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता.

मी विचारलं, "मास्तरांची वही कुठे ठेवलीय?"