भाताचं फूल टिपताना

चौथीच्या वर्गाला फुलांविषयी शिकवत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, भाताला फूल येतं का?" येतं, असं मी म्हणाले खरी, पण पुढे काय सांगावं ते सुचेना. मोखाड्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आमची शाळा लागते आणि तिच्या तिन्ही बाजूंना भातच आहे. त्या बांधांवरून मी नऊ वर्षं येत-जात होते, तरी भाताचं फूल स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे भावाने दिलेला त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा होता आणि अगदी जवळून फोटो काढता येईल अशी मॅक्रो लेन्स. फुलाचा फोटो काढून वर्गात दाखवायचा, असं ठरवलं. सप्टेंबरात शाळेलगतचं भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. दोन दिवस शाळा सुटल्यावर मी बांधावर बसून शंभरेक फोटो काढले. घरी लॅपटॉपवर उघडले तर एकही धड नाही. लोंबी धूसर आणि तिच्यामागचं पान लख्ख. फुलाचा तर पत्ताच नाही.

लेन्स बिघडलीय, असं मी भावाला फोनवर सांगून टाकलं. त्याने भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायला, कॅमेरा टेबलावर ठेवायला आणि टायमर लावून फोटो काढायला सांगितलं. काढला. बातमीतलं बारीक अक्षरही वाचता येत होतं.

"लेन्स चांगली आहे," तो म्हणाला. "तू हलतेस. आणि फोकस कुठे धरायचा ते कॅमेऱ्यावर सोडून देतेस."

मला राग आला, पण पुरावा फोटोतच होता. मग वही घेऊन बसले आणि त्याने सांगितलेलं एकेक लिहून घेतलं.

फूल दिसत का नाही, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. ते कळलं शेताच्या मालकिणीकडून. साठी उलटलेल्या या बाईंना सगळा पाडा आजी म्हणतो, मीही म्हणते. त्या पाखरं हाकायला आल्या होत्या. रोज संध्याकाळी मी तिथे काय शोधते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्या हसल्या. "सांजचं कुठं गावायचं? उन्हं वर आली का फुलतं. दुपारपावतर मिटून जातं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नऊ वाजताच ट्रायपॉडचे पाय चिखलात रोवून बसले. दहानंतर माझ्या डोळ्यांदेखत एक हिरवा दाणा मधोमध उकलला आणि आतून पिवळसर तंतू बाहेर येऊन लोंबू लागले. मोजले, सहा होते. मग शेजारचा दाणा उकलला, मग त्याच्या खालचा. नऊ वर्षं हे दर सप्टेंबरात माझ्या शेजारी होत होतं!

कॅमेऱ्याचा आपोआप होणारा फोकस बंद केला. पडद्यावर तो एकच दाणा दहा पट मोठा करून लेन्सची कडी केसभर फिरवली. फोटो काढला, तर एक तंतू स्पष्ट आणि बाकीचे पुसट. भावाने वहीत लिहायला लावलं होतं, इतक्या जवळून काढताना लेन्सचं छिद्र लहान ठेव, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. ते एफ-अकरापर्यंत लहान केलं. त्याने उजेड कमी झाला, म्हणून कमी उजेडातही टिपता यावं यासाठी आयएसओ वाढवला. आता सगळे तंतू नीट दिसत होते, पण वारा थांबेना. लोंबी डुलली की चित्र पुसलं जाई.

पाखरं हाकायला आलेल्या आजी काही वेळ बघत उभ्या राहिल्या. मग शेतातल्या झोपडीतून पावसाळ्यात पाठीवर घ्यायचं पानांचं इरलं घेऊन आल्या, वाऱ्याच्या बाजूला ते आडवं धरलं आणि चिखलात बैठक मारली. लोंबी थांबली. कॅमेरा हलू नये म्हणून मी दोन सेकंदांचा टायमर लावला आणि श्वास रोखून धरला. ते दोन सेकंद फार लांबले.

पडद्यावर फोटो मोठा केला. सहाही तंतू, त्यांना चिकटलेली पिवळी भुकटी आणि आत पिसासारखे दोन पांढरे तुरे, सगळं स्वच्छ! मी चिखलातच उठून उभी राहिले आणि पाय घसरून जवळजवळ आडवी झाले. आजींनी माझा दंड धरला.

मग कॅमेरा त्यांच्यापुढे केला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, हात लुगड्याला पुसले आणि परत पाहिलं.

"पोर होती तवापासून भात लावतंय," त्या म्हणाल्या. "आत असं हाय, ते आज पायलं."

बांधापलीकडे काम करणाऱ्या दोघी सुनांना त्यांनी हाक मारली. तिघी डोकी जोडून फोटो पाहत राहिल्या, आणि पिसासारखं ते काय, असं एका सुनेने विचारल्यावर मी चौथीचा धडा तिथेच शिकवला. सोमवारी दहा वाजता सगळा वर्ग बांधावर नेला. आजी आधीच हजर होत्या. मुलांना ओळीत उभं करून त्यांनी फुललेल्या लोंब्या दाखवल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, वरच्या माळावर नागली, म्हणजे नाचणी, आहे, तिचंही असं काढता येईल का. नागलीचं फूल याहून बारीक असतं, असंही त्यांनी बजावलं.

त्याच संध्याकाळी मी भावाला फोन केला आणि वही उघडून बसले.